मी रेडिओवरून दिलेली खोटी बातमी

जामखेडच्या पेट्रोल पंपावरचा माणूस फोनवर म्हणाला, "मावशी, तुमच्या पोराला निरोप दिला. लाल गाडी, पुण्याचा नंबर, तोच. तुझे वडील जित्ते हायेत म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय, रडायलाच लागला. टाकीचं झाकण बी नीट लावलं न्हाई. किक मारली अन् आला त्याच्या दुप्पट जोरात गेला."

मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. समोर नवरा बसला होता. जिवंत. मांडीवर ताट, ताटात शेजारणीनं आणलेलं पिठलं. जामखेड सोडलं की सौताड्याचा घाट लागतो आणि त्या घाटाकडं आमचा मुलगा डोळ्यांत पाणी घेऊन गाडी पळवत निघाला होता, कारण त्याला वाटत होतं की बाप मेला. तसं त्याला मीच सांगितलं होतं.

चूक माझी आहे, तेव्हा सांगायचं तेही मीच सांगते.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत एसटीडी बूथ. बूथ मी चालवायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण नंबर फिरवायला आणि माणसाला "आवरा आता" म्हणायला चौथी पुरते. काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाईक बोलायचं आणि बाहेर मी बसायची. बसायची म्हणजे काय, मला बसवत नाही. एक फोन लावून दिला की मी अंगण झाडायची, दुसरा लावला की तांदूळ निवडायची.

मुलगी लग्न मोडून घरी आली. का मोडलं ते तिचं तिला माहीत, मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. सहा महिने ती भिंतीकडं बघत बसली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकली होती, म्हणून नवऱ्यानं बीडहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला, गावातल्या पोरांना शिकव म्हणाला. शिकवायला लागली, पण त्यात तिचं मन नव्हतं. मग एक दिवस मला म्हणाली, "आई, आपण घरातून रेडिओ काढू."

"रेडिओ काढायला सरकार लागतं," मी म्हणाले.

"हा इंटरनेटवरचा. याला टेलिफोनची तार पुरते."

तिनं मला समजावून सांगितलं. आपला आवाज तारेतून लांबच्या कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर जातो आणि ज्याला ऐकायचं तो तिथून घेतो. मला कळलं ते इतकंच, की आपण हौदात पाणी सोडायचं आणि ज्यानं त्यानं येऊन आपली घागर भरायची. गावात ऐकणारं कुणी नव्हतं, कारण गावात दुसरा कॉम्प्युटरच नव्हता. ऐकणारे बाहेरचे. आमच्या गावचा एकजण पुण्यात नेट कॅफे चालवायचा. कंपन्यांत कामाला गेलेली चौसाळ्याची, नेकनूरची पोरं दर रविवारी सकाळी त्याच्या दुकानात जमायची आणि तो स्पीकर लावून आमचा रेडिओ ऐकवायचा. आमचा मुलगाही त्यांच्यात असायचा.

बूथला दोन लाइन होत्या. एक मुलीनं रेडिओला घेतली. काचेच्या केबिनला आतून वाकळा लावल्या, आवाज घुमू नये म्हणून. माईक भजनी मंडळाचा. पंखा चालू ठेवला तर त्याचाच आवाज जायचा, म्हणून पंखा बंद. वैशाखात त्या केबिनमध्ये बसणं म्हणजे कणसासारखं भाजून निघणं. तार जोडताना कॉम्प्युटर मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखा ओरडायचा, मग एकदम गप्प व्हायचा आणि मुलगी म्हणायची, "लागला." पडद्यावर एका कोपऱ्यात आकडा यायचा. किती ठिकाणी ऐकतात त्याचा. तीन, चार. एकदा सात झाला तर ती अंगणात येऊन सांगून गेली. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडावर काही हललेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मलाही तिनं कामाला लावलं. दहा मिनिटं गावची खबर द्यायची. कुणाला पोरगं झालं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुठली एसटी बंद झाली, कोण गेलं. मी आहे तसं सांगायची. "अमक्याच्या घरी लग्न झालं, जेवणात मीठ नव्हतं." पोरं तिकडं हसून लोळायची म्हणे. कुठला खटका वर केला की माईक आणि कुठला केला की गाणं, एवढं मला येत होतं.

आता कावळ्याचं. त्या शनिवारी सकाळी नवरा मागच्या अंगणात दाढी करत बसला होता आणि लिंबावरून कावळा खाली आला. डोक्याला पाय लावून गेला. मी चुलीपुढून पाहिलं. नवऱ्यानं डोकं चोळलं आणि हसला. "त्याचं घरटं हाय वर. मी दाढी करतो, त्याला वाटलं अंडी काढतो."

ज्याच्या डोक्याला कावळा शिवतो त्याचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानतात. त्यावर तोडगाही आहे. माणूस गेला म्हणून नातेवाइकांना खोटी बातमी पाठवायची. त्यांनी खरं समजून रडायचं. रडून झालं की मरण वसूल झालं, माणूस सुटला. पूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड टाकायचे आणि पाठोपाठ दुसरं, सगळं ठीक आहे म्हणून. सासऱ्यांच्या वेळी असं कार्ड मीच लिहिलं होतं. सासरे नंतर पुष्कळ जगले. माझ्या वडिलांना कावळा शिवला तेव्हा थोरल्या भावानं थट्टेवारी नेलं, कार्ड टाकलं नाही. वडील महिन्याच्या आत गेले. मी देवाधर्माची फार नाही. पण हे दोन मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शनिवारभर मला चैन पडलं नाही. मुलीला म्हणाले, रेडिओवरून सांगू, एका दमात सगळ्या पाहुण्यांना कळेल. ती म्हणाली, "माझ्या रेडिओवरून खोटं जाणार नाही." नवरा म्हणाला, "मी मेलो असं जगाला सांगणार व्हय? मला विचार तरी." दोघांनी माझं हसं केलं. मी गप्प बसले. मी गप्प बसले की समजावं, पण त्यांना समजलं नाही.

रविवारी आठला मुलीनं रेडिओ लावला, भजनाची कॅसेट सोडली आणि नळाला पाणी आलं म्हणून घागरी घेऊन गेली. मी केबिनमध्ये शिरले. पडद्यावर आकडा पाच. माईकचा खटका वर केला. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, म्हणून म्हणाले, "आमच्या पोरांचे आप्पा आज पहाटे गेले. पाहुण्यांनी कळून घ्यावं." आवाज आपोआप जड झाला, त्यात नाटक नव्हतं. खटका खाली केला, भजन सोडलं.

माझा हिशेब साधा होता. दोन भजनं होऊ द्यायची. तेवढ्यात रडून होतं. मग परत माईक घ्यायचा आणि सांगायचं की जिवंत आहेत, कावळा शिवला होता, रडलात ते बरं झालं. कार्डाला दोन दिवस लागायचे, रेडिओला दहा मिनिटं.

पहिलं भजन संपत आलं आणि लाइट गेली.

लोडशेडिंग अकराला असायचं. त्या दिवशी सव्वाआठलाच गेली. कॉम्प्युटरखालच्या बॅटरीच्या डब्यानं दोन शिट्ट्या मारल्या आणि पडदा काळा झाला. मी खटका वर करून "जिवंत आहेत, जिवंत आहेत" म्हणत होते. मेलेल्या माईकला.

मग बाहेर येऊन पुण्याच्या कॅफेचा नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला, एंगेज. त्याच्याकडं एकच लाइन आणि त्याच लाइनवर त्याचं नेट. रेडिओ परत लागतो का, म्हणून तो नेट तसंच चालू ठेवून बसला होता. नेट चालू तोवर फोन लागणार नाही. अर्धा तास मी तो एकच नंबर फिरवत होते. बोटाला घट्टा पडला. आणि तेव्हाच मुलगा रस्त्यावरच्या फोनवरून आमचा नंबर फिरवत होता, तो त्याला एंगेज लागत होता, कारण मी त्याच फोनवर होते. त्याला वाटलं, घरून पाहुण्यांना फोन चाललेत. मयताच्या घरी तसंच असतं. तो थांबला नाही. दोस्ताची गाडी घेतली आणि निघाला. मोबाइल तेव्हा शेठ लोकांकडं असायचे, आमच्यासारख्यांकडं नाही.

शेवटी फोन लागला. कॅफेवाला म्हणाला, "मावशी, लई वाईट झालं बघा. दोस्ताची लाल गाडी घेऊन तो तर अर्धा तास झाला निघाला."

"अरे, मेले नाहीत ते! मागं बसून चहा पितायत!"

तो हळूच म्हणाला, "मावशी, धीर धरा. घरात दुसरं कुणी मोठं माणूस हाय का जवळ?"

माझं डोकं फिरलं असं त्याला वाटलं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्यानं दोन शिव्या दिल्या, तेव्हा त्याची खात्री पटली.

मुलगी घागरी घेऊन आली. तिला सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

अकरापर्यंत बातमी पुण्याहून फिरून गावात आली. तिथल्या पोरांनी घरी फोन केले होते. दारात माणसं जमली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. दारातून आत पाहिलं तर मयत ओट्यावर बसलेलं. ती म्हणाली, "आता आणलंच हाय तर खा." नवऱ्यानं ताट घेतलं. नेकनूरची थोरली नणंद जीप करून आली. हायवेवरून तिचं रडणं ऐकू येत होतं. आत येऊन भावाला पाहिलं आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, जित्ता हायस व्हय! मी मांजरसुंब्यापासून छाती बडवत आले!"

"बस अक्का. भाकर खा."

"कावून सांगितलं गं भवाने तू?" हे मला.

"कावळा शिवला होता."

नणंदेचा चेहरा बदलला. खाली बसली. "मग बरं केलंस," म्हणाली. "रडले ते बरंच झालं. खरंच रडले बघ मी." तिथं जमलेल्या बायका माना डोलवायला लागल्या. मला जरा बळ आलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तो गाडीवर आहे. अडीचशे किलोमीटर. हे कुणाच्या डोक्यात आहे का?"

पुन्हा लाइट आल्यावर तिनं रेडिओवरून खरं काय ते सांगितलंही. पण गाडीवरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

माझ्याकडं बूथवाल्यांची डायरी होती, गावोगावच्या नंबरांची. पुण्याहून येताना वाटेत कडा लागतं, आष्टी लागते. मी कड्याच्या बूथला फोन लावला, आष्टीच्या लावला. कधी न पाहिलेली माणसं. सांगितलं, लाल गाडी, पुण्याचा नंबर, एकटाच, रडत असेल. त्याला थांबवा आणि सांगा वडील जिवंत आहेत. कड्याचा माणूस उन्हात रस्त्यावर जाऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, हात केला, थांबला नाही. आष्टीत तो दिसलाच नाही. मुलगी म्हणाली, पेट्रोल कुठंतरी भरावंच लागेल. म्हणून जामखेडचा पंप.

तो पंपावर थांबला. त्याला निरोप मिळाला. आणि तो आणखी जोरात गेला.

"असं कावून केलं त्यानं?" मी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं ताट खाली ठेवलं. "माझा बाप गेला तवा मी तलवाड्याला गेलतो. येताना वाटेत जो भेटंल तो म्हनायचा, बरे हायेत, तुझी वाट बघतेत. त्यावरनंच मला कळलं की गेले."

हे मला सुचायला हवं होतं. रस्त्यावरच्या माणसाला आमच्याकडं खरं कुणी सांगतच नाही. बाप मेला तरी "जरा जास्त आहे, ये" म्हणतात. अंगणात तिरडी बांधत असले तरी "बरे आहेत" म्हणतात. मी स्वतः बूथमधून असं किती खोटं लोकांना सांगितलं होतं. दुसऱ्याच्या मरणाची बातमी माणसाला घरी पोहोचेपर्यंत लपवायची, हे तर माझं रोजचं काम. पंपावरच्या अनोळखी माणसानं नंबर ओळखून, नाव विचारून सांगितलं की बाप जिवंत आहे, तेव्हा मुलाच्या मनातला आशेचा उरलासुरला धागाही तुटला.

पंपवाल्याला मी परत फोन केला. "त्याला फोनवर का आणलं नाहीत?"

"म्हनलं की मावशी. घरी बोल म्हनलं. म्हनला, मला कुनाशी बोलायचं न्हाई."

नवरा उठला, चपला घातल्या. "मी मांजरसुंब्याच्या चौकात जाऊन हुबा राहतो. मला बघितलं की कळंल त्याला."

"अन् मेलेला बाप रस्त्यात उभा दिसला की गाडी तुमच्याच अंगावर घालेल," मी म्हणाले.

नणंद म्हणाली, "खरं हाय. पांढरं धोतर बी घातलंय ह्यानं."

नवरा उंबऱ्यावर थांबला. मग मुलीनं फोन ओढून घेतला आणि घाटाच्या पुढं पाटोद्याच्या बूथला लावला. म्हणाली, "काका, त्याला काहीच सांगू नका. बैलगाडी आडवी लावा, टेबल टाका, पण थांबवा. आणि फोन त्याच्या कानाला लावा. इकडं आप्पा बोलतील." तिथला माणूस चांगला होता. त्यानं रस्त्यात दोन खुर्च्या टाकल्या आणि फोन टेबलावर उघडा ठेवला, म्हणजे लाइन तुटायला नको.

नवरा आमच्या बूथच्या स्टुलावर बसला, फोन कानाला. जामखेडहून पाटोद्याला पाऊण तास फार झाला. मी त्याच्याजवळ जाऊन फोनला कान लावला. पाटोद्याचा रस्ता ऐकू येत होता. एसटीचा हॉर्न. कुणीतरी थुंकलं. कोंबडी. ट्रक. लांबून मोटारसायकल यायची, नवरा ताठ व्हायचा, तोंड उघडायचा. गाडी खुर्च्यांना वळसा घालून जायची. तो नसायचा. नवरा तोंड मिटायचा.

मी अंगणात जायची, परत यायची. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. पाऊण तास झाला. एक तास झाला. नणंद विभूतीची डबी काढून बसली होती, लावत नव्हती, नुसती हातात धरून होती. मुलगी केबिनच्या काचेला पाठ लावून खाली बसली होती. मी तिला म्हणाले, "काहीतरी बोल." ती म्हणाली, "आता नको."

मग फोनमधून आवाज जवळ आला. मला शब्द कळले नाहीत. नवऱ्याला कळले. त्यानं "कुठल्या वळणावर" एवढंच विचारलं.

घाटातून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. लाल गाडी कठड्याला पडली आहे. माणूस वऱ्हाडाच्या जीपमध्ये घालून जामखेडला नेला. जिवंत होता का, ते ट्रकवाल्यानं पाहिलं नव्हतं.

नणंदेची जीप दारात होतीच. आम्ही चौघं गेलो. रस्त्यात पाटोद्याला त्या बूथसमोर दोन खुर्च्या तशाच रस्त्यात होत्या. घाटात नवऱ्यानं एका वळणावर मान बाहेर काढली, मी काढली नाही. जीपमध्ये कुणी मला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. दोन्ही मला नको होतं. मी एवढंच म्हणत होते की जीपवाल्यानं जरा जोरात घ्यावी, आणि लगेच म्हणत होते, हळू घे.

दवाखान्यात तो खाटेवर होता. डोक्याला पट्टी, उजवा पाय चादरीखाली, आणि चादर तिथं सपाट नव्हती, लाल होती. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, डोक्याचं वरवरचं आहे, पायाचं सांगता येत नाही. नवरा खाटेजवळ जाऊन उभा राहिला. पांढरं धोतर, पांढरा सदरा. मुलानं डोळे उघडले. बापाकडं बराच वेळ बघितलं.

"आप्पा," तो म्हणाला, "म्हंजे मी बी गेलो का?"

"कुठं जातूस बे," नवरा म्हणाला. "हितं जामखेडात पडलायस."

"तुमी?"

"मी पिठलं खाऊन आलोय."

मग मुलानं माझ्याकडं मान वळवली. मी सांगून टाकलं. कावळा, दोन भजनं, लाइट. मध्ये थांबले नाही. त्यानं सगळं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. डबा मीच नेत होते, तो खात होता, बोलत नव्हता. नवव्या दिवशी म्हणाला, "वरणात मीठ न्हाई." तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

पाऊल वाचलं नाही. नणंद म्हणाली, मरण डोक्यावर आलं होतं, पायावर निभावलं. गावही तेच म्हणालं. बायका येऊन मला सांगायच्या की तुम्ही रडवलं म्हणून मालक वाचले. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

मुलीनं रेडिओ बंद केला नाही, मला बंद केलं. "माईक तुझ्या हातात दिला ती माझी चूक," असं एकदाच म्हणाली. पुण्याची पोरं विचारायची, मावशीची खबर का नाही. ती सांगायची, मावशीला बरं नाही. मी बाहेर बसून ऐकायची. हेही खोटंच, पण तेवढं मी तिला बोलले नाही.

त्या दिवशी आमच्यातलं कुणी मेलं नाही. मुलगा जगला, एका पावलानं. तो आता बीडला असतो, त्याला दोन मुलं आहेत. नवरा त्यानंतर अकरा वर्षं जगला. मुलगी आहे. मी आहे.